अनुपलब्धी आणि अरण्य

जावा बेटावरील सागवानाच्या सरकारी वनांचा कारभार पाहणाऱ्या ‘पेरुम पेरहुतानी’ या महामंडळास १९९० साली ‘रेनफॉरेस्ट अलायन्स’ या अमेरिकन संस्थेच्या ‘स्मार्टवुड’ कार्यक्रमाने एक दाखला दिला. येथील वने राखण्याची आणि तोडण्याची रीत अशी आहे की त्यांचा क्षय होऊ नये, अशा आशयाचा, त्रयस्थ तपासनिसाने वनव्यवस्थापनास दिलेला हा जगातील पहिला दाखला होय. आणि ज्या महामंडळाच्या ताब्यात जावा व मदुरा मिळून वीस लक्ष हेक्टरांहून अधिक भूमी होती, ज्याच्या दफ्तरांत डच अमदानीपासूनचे नकाशे, हद्दी आणि तोडीच्या पाळ्या नोंदलेल्या होत्या, त्यास तो मिळावा यात नवल करण्यासारखे काही नव्हते. परंतु १९९८ च्या मे महिन्यात इंडोनेशियाचे अध्यक्ष सुहार्तो यांची तीन दशकांची राजवट कोसळली, आणि त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत, जी वने कागदावर चिरस्थायी ठरली होती त्यांच्या मोठमोठ्या पट्ट्यांत खुंटांखेरीज काही उरले नाही. कुऱ्हाड चालवणारे हात पुष्कळदा आसपासच्या गावांचे होते, माल उचलणारे व्यापारी दूरचे होते, आणि वाटेवर डोळे मिटून घेणारे अंमलदार त्याच राज्ययंत्रातले होते. मधल्या काळात महामंडळाच्या काही विभागांना स्वतंत्रपणे दिलेली प्रमाणपत्रे २००१ साली स्थगित करण्यात आली.

१९९० चा तो दाखला खोटा होता काय, असा प्रश्न येथे साहजिक उभा राहतो, आणि त्यास दोन उत्तरे तयारच असतात. एक पक्ष म्हणतो की हे सारे गोऱ्या गिऱ्हाइकांच्या समाधानासाठी रचलेले थोतांड होते. दुसरा म्हणतो की तपासणी यथायोग्यच झाली होती, राज्यक्रांतीचे भाकीत वनतपासनिसाने करावे अशी अपेक्षा अन्यायाची आहे. ही दोन्ही उत्तरे मला उतावळी वाटतात. तपासनीस प्रामाणिक होता असे गृहीत धरूनही एक जुना, वनशास्त्राहून कितीतरी प्राचीन प्रश्न शिल्लक राहतो, आणि तो आपल्या दर्शनकारांनी फार बारकाईने चर्चिलेला आहे: एखादी वस्तू दिसली नाही, एवढ्यावरून ती नाही असे केव्हा म्हणता येते?

तपासणी म्हणजे प्रत्यक्षात काय चालते हे प्रथम पाहिले पाहिजे. उष्णकटिबंधातील लाकडावर युरोप-अमेरिकेतील जागरूक ग्राहकांनी १९८० च्या दशकात बहिष्काराचे हत्यार उपसले; १९९२ च्या रिओ परिषदेत राष्ट्रांना वनांविषयी बंधनकारक करार करता आला नाही; आणि सरकारांना जे साधले नाही ते बाजाराकडून साधावे, या विचाराने १९९३ साली टोरांटो येथे ‘फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल’ ही संस्था स्थापन झाली. तिची दहा तत्त्वे आहेत. कायद्याचे पालन, कामगारांचे हक्क, मूळ रहिवाशांचे हक्क, पर्यावरणावरील परिणाम, नियोजन, देखरेख इत्यादी विषय त्यांत येतात. प्रमाणपत्र पाच वर्षांचे असते आणि दरवर्षी फेरतपासणी होते. या तपासणीचा खर्च ज्याची तपासणी व्हावयाची तोच देतो, ही गोष्ट येथे नुसती नोंदवून ठेवतो.

तपासनीस येतो तेव्हा आरंभी कचेरीत बैठक होते. कार्य आयोजना, तोडीचे आणि लागवडीचे तक्ते, मजुरांचे हजेरीपट, ओंडक्यांची डेपोतील आवक-जावक हे सारे मेजावर मांडले जाते. मग वनाच्या शेकडो कक्षांतून, म्हणजे आखलेल्या तुकड्यांतून, काही थोडे कक्ष निवडले जातात आणि जीप निघते. सागाच्या तोडीच्या कूपात गेल्यावर पाहण्यासारखे पुष्कळ असते. जावात साग तोडण्यापूर्वी सुमारे दोन वर्षे बुंध्याभोवती सालीचे आणि रसकाष्ठाचे कडे काढून झाड उभ्याउभ्या वाळवितात, म्हणजे लाकूड हलके होते आणि वाहतुकीत त्रास देत नाही. तेव्हा हे कडे नीट घेतले आहे काय, खुंटावरचा क्रमांक नोंदवहीतल्या क्रमांकाशी जुळतो काय, ओढ्याच्या काठचा पट्टा अस्पर्श ठेवला आहे काय, करवत चालविणाऱ्याच्या डोक्यावर शिरस्त्राण आहे काय, हे सारे तो वाकून, मोजून, छायाचित्रे घेऊन तपासतो. दुपारी एखाद्या गावात चार माणसे बसवून दुभाष्यामार्फत चौकशी होते: वनखात्याशी काही तंटा आहे काय? माणसे एकमेकांकडे पाहतात आणि तंटा नाही असे सांगतात. अहवालात ओळ पडते, तक्रार आढळली नाही.

आता लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की अशा अहवालातील निर्णायक वाक्ये बहुतांशी नकारार्थी असतात. अवैध तोड आढळली नाही, हद्दीवर अतिक्रमण आढळले नाही, वाद आढळला नाही. म्हणजे ज्या ज्ञानावर हा दाखला उभा राहतो ते मुख्यतः अभावाचे ज्ञान होय. अभावाचे ज्ञान कसे होते याविषयी आपल्याकडे मोठा वाद झाला. कुमारिलभट्टांच्या परंपरेतील मीमांसकांनी त्यासाठी अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे, हे स्वतंत्र प्रमाण मानले. अद्वैत वेदान्त्यांनी व्यवहारापुरते तेच स्वीकारले. नैयायिक म्हणाले की वेगळे प्रमाण कशाला, प्रत्यक्षाच्याच पोटात ते बसते. या भांडणात आपल्याला पडण्याचे कारण नाही, कारण ज्या एका अटीवर भांडणारे बहुतेक एकमताचे होते तीच आपल्या उपयोगाची आहे. अनुपलब्धी ही योग्य असली पाहिजे. भूतलावर घट असता तर तो येथे, या उजेडात, या डोळ्यांना दिसलाच असता, अशी स्थिती असेल तरच त्याचे न दिसणे हे त्याच्या नसण्याचे प्रमाण होय. काळोख्या खोलीत घट दिसत नाही म्हणून तेथे घट नाही असे म्हणणारा मनुष्य खोटे बोलत नसतो. तो केवळ आपल्या न दिसण्याला अवास्तव किंमत देत असतो. धर्मराजाध्वरींद्रांच्या ‘वेदान्तपरिभाषे’त या विवेचनात आणखी एक मार्मिक गोष्ट येते ती अशी, की धर्म-अधर्मासारख्या वस्तू स्वभावतःच इंद्रियांना अगोचर असल्यामुळे त्यांच्या बाबतीत कितीही स्वच्छ उजेड असला तरी न दिसणे हे काहीच सिद्ध करीत नाही.

वनतपासणीच्या अहवालावर ही कसोटी लावून पाहावी. खुंट दिसतो. ओढ्यात पडलेली माती दिसते. नोंदवहीतील खाडाखोडही सरावलेल्या डोळ्याला दिसते. या बाबतीत ‘आढळले नाही’ या शब्दांना वजन आहे, आणि निवडलेले कक्ष जितके अधिक व जितके अनपेक्षित तितके ते वजन अधिक. परंतु अन्याय दिसत नाही. एखाद्या गावाची गायराने शंभर वर्षांपूर्वी वनहद्दीत गेली, तेव्हापासून त्या गावच्या बायकांना सरपणासाठी रखवालदाराची मर्जी राखावी लागते, ही गोष्ट कोणत्याही कक्षात, कोणत्याही ऋतूत, कितीही चांगल्या दुर्बिणीतून दिसावयाची नाही. ती कोणी सांगितली तरच कळणार. आणि सांगणाऱ्याचे तोंड बंद असेल तर तपासनीस उजेडात उभा असूनही काळोखातच आहे.

१९९० चा जावा हा असा काळोख होता. त्याची घडण जुनी आहे. सागासाठी राबविली जाणारी वेठ, जिला तेथे ‘ब्लांडोंग’ म्हणत, ती डच कंपनीच्या काळापासूनची. १८०८ मध्ये गव्हर्नर-जनरल दांडेल्स याने वनांसाठी वेगळे खाते उभारले. जावाचा पहिला वनकायदा १८६५ सालचा आहे. हिंदुस्थानातील इंग्रज सरकारचा पहिला वनकायदाही नेमका त्याच वर्षीचा, आणि दोहोंच्या मागे जर्मन वनविद्येची तीच शिस्त उभी आहे, हे आपल्याकडील वाचकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १८७० साली डच सरकारने जाहीर केले की ज्या जमिनीवर कोणास खाजगी मालकी सिद्ध करता येत नाही ती सारी सरकारची. स्वातंत्र्यानंतर झेंडा बदलला, हद्दबुरूज बदलले नाहीत. १९६५-६६ च्या भीषण कत्तलीत शेतकऱ्यांच्या आणि वनकामगारांच्या डाव्या संघटना नामशेष झाल्या, आणि त्यानंतर सागवनाच्या कडेच्या खेड्यात वनखात्याविरुद्ध मोठ्याने बोलणे म्हणजे स्वतःवर नको तो शिक्का मारून घेणे होते. रोपवनात पहिली दोन-तीन वर्षे सागाच्या ओळींमध्ये मका-भात पेरण्याची मुभा ज्या भूमिहीनाला वनरक्षकाच्या कृपेने मिळते, त्याला परदेशी पाहुण्यांसमोर तक्रार विचारली असता तो काय बोलणार होता? अशा स्थितीतील ‘तक्रार आढळली नाही’ हे वाक्य तर्कदृष्ट्या अयोग्य अनुपलब्धी होय. आठ वर्षांनी दहशत सरली, आणि जे शब्दांत सांगता आले नव्हते ते कुऱ्हाडीने सांगितले गेले. अर्थात त्या कुऱ्हाडींत सूड किती, भूक किती आणि निव्वळ लोभ किती, याची वाटणी करून देणे मला शक्य नाही, आणि लूट ती लूटच.

त्याच भूमीत, ब्लोरा जिल्ह्यात रांदुब्लातुंगच्या आसपास, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एक विलक्षण पंथ उदयास आला होता, त्याकडे वळल्याखेरीज हा विषय मला पुरा वाटत नाही. सामिन सुरोसेंतिको नावाच्या शेतकऱ्याने १८९० च्या सुमारास आपल्या भोवती माणसे जमवून उपदेश आरंभिला. देव बाहेर कोठे नसून अंतरात आहे. चोरी करू नये, खोटे बोलू नये, परस्त्रीची अभिलाषा धरू नये. आणि जमीन, पाणी, लाकूड ही सर्वांची आहेत, असे तो सांगे. आपल्या मार्गाला हे लोक आदमचा धर्म म्हणत. सागाचे लाकूड ते बिनदिक्कत आणीत, सारा देण्याचे नाकारीत, आणि अंमलदाराने प्रश्न विचारला तर त्याच्या शब्दाला शब्दशः धरून असे उत्तर देत की पुढे लिहिणे त्याला अशक्य व्हावे. मोजणीदार आले म्हणजे ही माणसे आपल्या जमिनीवर आडवी होऊन ती आपली असल्याचे ओरडून सांगत. त्यांचा मार्ग मुख्यतः अहिंसक होता. १९०७ साली डचांनी सामिनला पकडून सुमात्रात हद्दपार केले; तेथेच १९१४ साली तो वारला.

या पंथाला वेडगळ ठरविणे सरकारी कागदांना सोपे गेले. मला मात्र असे वाटते की सामिनने ज्या गोष्टीला विरोध केला ती केवळ साऱ्याची आकारणी किंवा जंगलबंदी नव्हती. ज्याने वन घेतले त्यानेच ते मोजावे, त्यानेच चोर कोण हे ठरवावे आणि त्यानेच हिशेब तपासून तो बरोबर असल्याची ग्वाही द्यावी, ही जी एकाच हातात वाद, पुरावा आणि न्याय एकवटण्याची व्यवस्था, तिच्या वहीत आपली जबानी जाऊ द्यावयाची नाही, एवढाच त्याचा हट्ट होता. आधुनिक तपासनीस त्रयस्थ असतो, हा मोठा फरक खरा. पण त्याने उघडलेली वही तीच असते.

येथे धर्मविचाराचा संबंध येतो. सृष्टी ही मनुष्याची मिळकत नव्हे, त्याच्याकडे सोपविलेली ठेव आहे, याबद्दल निरनिराळ्या धर्मांत आश्चर्यकारक एकमत आहे. ईशोपनिषदाचा आरंभच त्या विचाराने होतो. बहुसंख्य जावावासी ज्या इस्लामचे अनुयायी आहेत तो मनुष्याला पृथ्वीवरील खलिफा, म्हणजे ईश्वराचा कारभारी मानतो आणि जे हाती आले ते अमानत समजावयास सांगतो. गांधीजींचा विश्वस्तविचार याच कुळातला. परंतु ठेव म्हटली की हिशेब आला, आणि हिशेब म्हटला की तो कोणापुढे सादर करावयाचा हा प्रश्न आला. आपल्या देवरायांनी तो प्रश्न एका फटक्यात सोडविला होता. राई देवाची, वाळकी काटकीही न्यावयाची नाही, आणि पाहणारा देव अहोरात्र जागा. त्यास नमुन्यादाखल कक्ष निवडावे लागत नाहीत, आगाऊ सूचना द्यावी लागत नाही, दुभाषी लागत नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतील देवरायांची पाहणी केली तेव्हा, सभोवतालचे डोंगर बोडके झाले असता या राया दाट उभ्या असल्याचे त्यांना आढळले. तथापि भाबडेपणाने त्यांचे गोडवे गाण्यात अर्थ नाही, कारण ज्या गावात देवाचा धाक ओसरला तेथे देवाच्याच नव्या सिमेंटी मंदिरासाठी राई विकली गेली, आणि देवाने त्याबद्दल कोणास नोटीस दिल्याचे ऐकिवात नाही.

मुंडकोपनिषदात एकाच वृक्षावर बसलेल्या दोन पक्ष्यांचे रूपक आहे; एक फळ खातो, दुसरा न खाता नुसता पाहतो. त्रयस्थ तपासनिसाची आकांक्षा या दुसऱ्या पक्ष्याची आहे. त्याची अडचण अशी की त्याचे मानधन त्याच झाडाच्या फळांतून येते. यावरून तो लबाड ठरत नाही. न्यायाधीशाचा पगारही सरकारच देते. पण सरकारला न्यायाधीश पसंत पडला नाही तर दुसरीकडे फिर्याद नेता येत नाही, आणि वनमहामंडळाला मात्र एक तपासणी संस्था कडक वाटली तर दुसरी निवडता येते. हा दोष व्यक्तीचा नसून रचनेचा आहे, आणि रचनेचे दोष सज्जन माणसांच्या हातूनही आपले काम करीत राहतात.

मग विश्वास कोणावर ठेवावा? न्यायसूत्रांनी शब्द हे प्रमाण मानताना तो आप्ताचा असावा अशी अट घातली, आणि वात्स्यायनांनी भाष्यात आप्त कोण हे सांगितले: ज्याने वस्तू स्वतः साक्षात जाणली आहे, आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. याला जोडून ते असेही म्हणतात की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू पडते. दीड हजारांहून अधिक वर्षांपूर्वी लिहिलेले हे वाक्य मला आजच्या सगळ्या तपासणी-नियमावल्यांहून उदार वाटते. त्याच्या प्रकाशात पाहिले तर तपासनीस आणि गावकरी हे दोघेही अर्धेमुर्धे आप्त ठरतात. तपासनिसाला सांगण्याची इच्छा आहे, मुभा आहे, छापखाना आहे. पण त्याचे जाणणे आठवड्याभराचे. गावकऱ्याचे जाणणे जन्माचे. पण त्याच्या सांगण्याला मुभा नाही, आणि कधी कधी, स्पष्टच बोलायचे तर, जसे आहे तसे सांगण्यात त्याचा फायदाही नसतो, कारण चोरट्या ओंडक्यावर त्याच्याही घराचे वासे चढलेले असतात. एकाचे अर्धेपण दुसऱ्याने भरून निघेल अशी बैठक घडविणे एवढेच मनुष्याच्या हाती आहे.

काळाची अडचण आणखी वेगळी. जावातील सागाची पाळी साठ ते ऐंशी वर्षांची, आणि दाखला पाच वर्षांचा. ‘टिकेल’ हे विधान भविष्याविषयीचे असल्यामुळे त्याला साक्षीदार असूच शकत नाही. तेथे फार तर अनुमान चालते.

या साऱ्यावरून प्रमाणपत्रांची पद्धत टाकाऊ आहे असा निष्कर्ष मी काढीत नाही. तिच्या धाकाने कित्येक ठिकाणी मजुरांच्या डोक्यावर शिरस्त्राण आले आणि ओढ्यांचे काठ वाचले. शिवाय २००१ सालची ती स्थगिती घ्या: या सगळ्या इतिहासात तपासनिसांनी उच्चारलेले अत्यंत खरे वाक्य ते होय. जे वन विकून परदेशी फर्निचरवाल्यांकडून बरा भाव मिळत होता त्याविषयी, आता आम्ही ग्वाही देऊ शकत नाही, असे त्यांनी जाहीरपणे म्हटले. दाखला देणाऱ्याची खरी योग्यता तो मागे घेण्याच्या क्षणी कळते. पुढे काही वर्षांनी महामंडळाच्या काही विभागांनी पुन्हा प्रमाणपत्रे मिळविली. आणि याच काळात वनरक्षकांच्या गोळ्यांनी ग्रामस्थ जायबंदी झाल्याचे व मृत्यू पावल्याचे प्रकारही जावाच्या सागवनांतून नोंदले गेले. दोन्ही गोष्टी एकाच वनातल्या.

हा विषय आता आपल्या दारात आला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने भारतीय वन व काष्ठ प्रमाणन योजना जाहीर केली. त्याच वर्षी बल्लारशाहच्या डेपोतून अयोध्येच्या राममंदिरासाठी सागाचे लाकूड वाजतगाजत रवाना झाले. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाची प्रत कोणाच्या दाखल्यावाचून देशाला ठाऊक आहे, आणि त्या सागाच्या सावलीत राहणाऱ्या गोंड-माडियांचे म्हणणे मात्र तितके ठाऊक नाही. पण याच गडचिरोलीत मेंढा (लेखा) या गावाने २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली आपल्या सामूहिक वनाचा हक्क मिळविला, आणि २०११ मध्ये ग्रामसभेने स्वतःच्या वाहतूक परवान्यावर बांबू विकून दाखविला. तेथे निर्णय सर्वसहमतीने होतात, म्हणजे एकाही माणसाचे न बोलणे हे होकार म्हणून धरले जात नाही. योग्य अनुपलब्धीचा याहून चांगला पाठ मला माहीत नाही.

म्हणून नव्या योजनेचे नियम जे लिहीत आहेत त्यांना एक विनंती आहे. प्रत्येक प्रमाणपत्राच्या पाठीवर, जे पाहिले त्याच्या जोडीने, जे पाहिले नाही तेही छापावे: कोणते कक्ष वगळले, कोणत्या गावात गेलो नाही, कोणत्या गावात वनरक्षक उभा असताना विचारणा केली, आणि कोणत्या ग्रामसभेने वनखात्याच्या अनुपस्थितीत काय ठराव केला. या यादीसाठी कागदाची एक बाजू पुरणार नसेल तर दुसरा कागद जोडावा.